सेडानला टो-बार: भार कुठे जातो ते आधी बघा

मागच्या बंपरखालून चकचकीत टो-हुक डोकावणाऱ्या गाड्या नागपुरात पुष्कळ दिसतात. मागून कुणी ठोकलं तर बंपर वाचावा, एवढ्याच हेतूने बरेच हुक लावलेले असतात. काटोलकडून संत्र्याचे क्रेट, शेतावरचा फवारणी पंप किंवा छोटा जनरेटर सेडानमागे ट्रेलर जोडून आणायचा असेल, तर असा शोभेचा हुक उपयोगाचा नाही, सांगाड्याला पक्का जोडलेला टो-बार हवा. शोभेचा हुक बहुधा दोन-चार बोल्टवर नाहीतर वेल्डिंगवर टांगलेला असतो. मागून धडक बसली की बंपरच्या आतला बीम चेपून ऊर्जा जिरवतो, पण हा हुक तोच धक्का एका बिंदूतून थेट सांगाड्यात पोचवतो.

काम सुरू करण्याआधी गाडीला ओढण्याची परवानगी आहे का, ते बघा. मालकाच्या पुस्तिकेत ‘टोइंग’ हा भाग वाचा आणि दरवाज्याच्या खांबावरची किंवा बॉनेटखालची वजनाची प्लेट पाहा. युरोपीय पद्धतीच्या प्लेटवर चार ओळी असतात: गाडीचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, पुढच्या आणि मागच्या एक्सलची मर्यादा. दुसरी ओळ कोरी असेल किंवा तिथला आकडा पहिल्या ओळीइतकाच असेल, तर ती गाडी ट्रेलरसाठी मंजूर नाही. ‘हेच मॉडेल परदेशात दीड टन ओढतं’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. तिथे कारखान्यातून टो-बारसह निघणाऱ्या काही मॉडेलांना जास्त ताकदीचा रेडिएटर पंखा आणि वेगळं सॉफ्टवेअर असतं. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना ट्रेलर ओढायचा तर हा पंखा चैनीचा भाग राहत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल गाडीत करता येत नाही. त्याच कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही ‘मोटार वाहन’ ठरतो, त्यामुळे त्यालाही नोंदणी लागते. एमएच-31, 40 किंवा 49, आपलं जे आरटीओ कार्यालय असेल तिथे आधी लेखी विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. पार्ट मागवायचे ते त्यानंतर.

आता मूळ प्रश्न भाराचा. ट्रेलर बॉलवर, म्हणजे टो-बारच्या टोकाच्या ज्या गोळ्यावर तो अडकतो त्यावर, दोन प्रकारे जोर टाकतो: आडवा ओढीचा आणि उभा वजनाचा. गाडीचं कमाल वजन 2,200 किलो आणि भरलेल्या ट्रेलरचं 500 किलो धरलं, तर जोडणीच्या ताकदीचा जो आकडा काढतात, ज्याला डी-व्हॅल्यू म्हणतात, तो येतो सुमारे 4 किलोन्यूटन. टो-बारच्या पट्टीवर त्याची स्वतःची डी-व्हॅल्यू कोरलेली असते, ती याहून जास्त हवी. उभा भार दिसायला किरकोळ, पण खोड्या त्याच्याच. बॉल मागच्या एक्सलच्या बराच मागे असतो. दोन एक्सलमधलं अंतर 2.9 मीटर आणि मागच्या एक्सलपासून बॉल 1.2 मीटर असेल, तर बॉलवरच्या 50 किलोंमुळे मागच्या एक्सलवर सुमारे 71 किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून 21 किलो उचलले जातात. डिक्कीत सामान आणि मागच्या सीटवर तिघे असतील तर मागच्या एक्सलची मर्यादा इथेच ओलांडली जाते. स्टीअरिंग हलकं लागतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

सेडानला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, पत्र्याच्या पेट्या जोडून बनलेला अखंड सांगाडा असतो. हे बल पेलू शकणाऱ्या जागा दोनच: डिक्कीच्या फरशीखाली डावी-उजवीकडे धावणाऱ्या रेल. म्हणून त्याच मॉडेलसाठी बनवलेलं किट घ्या. त्यात आडवी बीम, रेलमध्ये घुसणारे किंवा खालून बसणारे दोन बाजूंचे ब्रॅकेट, ठरावीक ग्रेडचे नटबोल्ट आणि बंपर कापायचा साचा असतो. स्थानिक वर्कशॉपमध्ये चॅनल कापून वेल्ड करून घ्यायचा मोह टाळा. रेलचं पोलाद उच्च ताकदीचं असतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती ताकद उतरते. जस्ताचा थर जळून आतून गंज लागतो, आणि बॅटरी जोडलेली राहिली तर इलेक्ट्रॉनिक युनिटही जातं.

बसवताना बॅटरी सोडवा. मागचे दिवे, चाकाच्या कमानीतले आणि खालचे स्क्रू, क्लिपा काढून दोघांनी मिळून बंपर सरळ मागे ओढा. पार्किंग सेन्सरचा प्लग शेवटी सुटतो आणि घाईत तुटतो तोच. सायलेंसरचे मागचे रबर हँगर सोडले की तो जॅकवर टेकवा, पुढच्या लवचिक पाइपवर लोंबकळू देऊ नका. बहुतेक युरोपीय किटमध्ये मूळ क्रॅश-बीम काढून त्या जागी टो-बारची बीम बसते. रेलला कारखान्याची भोकं नसतील आणि ड्रिल करावं लागलं, तर आत स्पेसर नळी हवीच. नाहीतर बोल्ट आवळताना पातळ पत्र्याची पेटी चेपते. भोकाच्या कडांना प्रायमर, मग पोकळीत मेणाचा फवारा.

इथे सर्वांत जास्त चुका होतात त्या जागेकडे नीट पाहू. ब्रॅकेट जिथे रेलला टेकतो तिथे कारखान्याने लावलेला डांबरी किंवा रबरी अंडरकोट असतो. तो खरवडून काढायचा, पण गंजरोधक प्रायमर राखायचा. कारण साधं आहे. जोड टिकतो तो बोल्टच्या दाबाने पत्र्यांत निर्माण झालेल्या घर्षणावर, बोल्टच्या दांड्याने अडवून नव्हे. 8.8 ग्रेडचा एम-12 बोल्ट 80 न्यूटन-मीटरला आवळला की सुमारे 33 किलोन्यूटन, म्हणजे तीन टनांहून जास्त दाब तयार होतो. हा दाब येतो बोल्ट ताणला गेल्यामुळे. बोल्टने पकडलेली जाडी 40 मिलिमीटर असेल तर तो जेमतेम 0.08 मिलिमीटर लांबतो. अंडरकोट अर्धा मिलिमीटर जाड असू शकतो आणि उन्हात मऊ होतो. तो 0.08 मिलिमीटर दबला की बोल्टचा सगळा ताण गेला! मग ब्रेक मारताना ‘टक’ असा आवाज येतो, बोल्ट सरकायला लागतो, भोकं लंबगोल होतात. नुसतं पुन्हा आवळून हे दुरुस्त होत नाही.

सगळे बोल्ट आधी हातानं लावा, बीम मध्यावर आणा, मग आतून बाहेर टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरवलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानं, आवळा. ढोबळ आकडे: 8.8 ग्रेडचा एम-10 सुमारे 46 ते 50 न्यूटन-मीटर, एम-12 सुमारे 80, आणि 10.9 ग्रेडचा एम-12 सुमारे 115. किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. ‘मिस्त्रीच्या हाताचा अंदाज’ आणि इम्पॅक्ट गन दोन्ही नकोत. ट्रेलर ओढून सुमारे 1,000 किलोमीटर झाले की टॉर्क पुन्हा तपासा.

बॉलच्या मापाकडे खास लक्ष द्या. युरोपीय माप 50 मिलिमीटर, अमेरिकी दोन इंच म्हणजे 50.8. दोन इंची कपलर, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची बॉलवर अडकणारी वाटी, 50 च्या बॉलवर बसतो, लॉकही होतो, पण खेळ राहतो आणि खड्ड्यात उडू शकतो. बॉल, कपलर आणि सेफ्टी चेन एकाच मापाच्या प्रणालीतले घ्या. चेन दोन असल्या तर ट्रेलरच्या दांड्याखालून फुलीसारख्या ओलांडून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा रस्त्यावर आपटत नाही.

वायरिंगमध्ये टेललाइटच्या वायरला छेद देऊन जोड मारायची जुनी पद्धत महागड्या सेडानमध्ये घातक आहे. बॉडी कंट्रोल युनिट दर दिव्याचा प्रवाह मोजतं. जास्तीचे बल्ब जोडले की ‘बल्ब गेला’ असा इशारा येतो, किंवा युनिटचं आउटपुटच जळतं. स्वतंत्र टोइंग मॉड्यूल घ्या. ते दिव्यांचा फक्त संदेश वाचतं आणि ट्रेलरचा वीजपुरवठा फ्यूजमार्फत थेट बॅटरीकडून घेतं. सात पिनच्या सॉकेटचे रंग ठरलेले आहेत: पिवळा डावा इंडिकेटर, हिरवा उजवा, पांढरा अर्थिंग, लाल ब्रेक, तपकिरी उजवा टेललाइट, काळा डावा, निळा फॉग. मॉड्यूल बसल्यावर गाडीत कोडिंग करावं लागतं. त्याशिवाय रिव्हर्स घेताना सेन्सर ट्रेलरलाच अडथळा समजून ओरडत राहतात, आणि ट्रेलर डोलू लागल्यावर चाकांना आलटून पालटून ब्रेक लावणारी सोय गाडीत असली तरी सुरू होत नाही. डिक्कीतून वायर बाहेर काढताना रबर ग्रोमेट लावा आणि वायरला खाली झोल द्या. अनेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक युनिट डिक्कीच्या बाजूच्या खोलगट भागात असतात, आणि पावसाचं पाणी नेमकं तिथेच साचतं.

आता माल भरणं. ट्रेलर 150 किलोंचा, त्यात 20 किलोंचे 15 क्रेट, एकूण 450 किलो. त्याच्या 7 ते 10 टक्के, म्हणजे 32 ते 45 किलो बॉलवर यावेत, आणि गाडीच्या बॉलभाराच्या मर्यादेतही बसावेत. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. बॉलच्या उंचीइतका लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून कपलर त्यावर टेकवा, ठोकळ्याचं वजन वजा करा. ट्रेलरच्या एक्सलपासून बॉल 2.5 मीटर असेल आणि न बांधलेले ते 300 किलो 30 सेंटिमीटर मागे घसरले, तर बॉलवरचे 36 किलो कमी होतात. 45 चे 9 उरतात. मागे जड झालेला ट्रेलर वेगात डोलू लागतो, आणि वेग वाढेल तशी ती डोलणी आपोआप शमायची थांबते. क्रेट पट्ट्याने बांधा, रिकामी जागा पुढे नको, मागे ठेवा, ताशी 80 च्या वर जाऊ नका. अमरावती रोडवर मोठा ट्रक ओलांडून गेला आणि शेपूट हललं, तर स्टीअरिंग सरळ धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. जोरात ब्रेक मारला की मागचा भार गाडीला आणखी वळवतो.

काम नसताना काढता येणारा बॉल काढून डिक्कीत ठेवा, भोकावर झाकण लावा. तो ग्रीस लावलेला असावा. दर काही महिन्यांनी व्हर्नियरनं मापा, 50 चा बॉल 49 मिलिमीटरवर आला की बदलायचा.