गिलावा भिंतीचा की खोलीचा?

घर उभं राहिलं की मालक आणि गवंडी यांच्यात हमखास वाजतं ते गिलाव्याच्या मापावरून. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, कोपऱ्यातल्या कॉलमच्या बाजू धरल्या का, न्हाणीघराच्या टाइल्स किती उंचीपर्यंत? बेळगाव-निपाणीकडे हे हिशेब अजून टेप, वही आणि ब्रासवर चालतात. (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट.) आता इमारतीचं संगणकीय प्रतिमान, म्हणजे 'बिम', हे माप स्वतः काढू शकतं. पण त्यासाठी त्याला आधी एक गोष्ट नीट शिकवावी लागते.

बिममध्ये भिंत म्हणजे नुसती रेघ नसते. तिची जाडी, तिच्यातले थर, तिच्यातली दारं हे सगळं तिला ठाऊक असतं. मग गिलावा हा भिंतीचाच एक थर का धरू नये? शहापूर-वडगावकडच्या जुन्या पद्धतीचं लांबट घर घ्या. पुढे सोपा, मधे माजघर, मागे न्हाणीघर. बाजूची भिंत पुढून मागेपर्यंत एकच. पण तिच्यावर सोप्यात ऑइल पेंट, माजघरात डिस्टेंपर आणि न्हाणीघरात टाइल्स. थर भिंतीला चिकटवला तर भिंतीचे तीन तुकडे करावे लागतात, आणि एकसंध विटकामात नसलेले सांधे दिसू लागतात. म्हणून गिलावा, टाइल्स, स्कर्टिंग ही खोलीची मालमत्ता मानणं मला जास्त बरोबर वाटतं. इमारतींच्या माहितीची देवाणघेवाण ज्या आयएफसी मानकाने होते (आयएसओ १६७३९), त्यातही आच्छादन हा वेगळा घटक आहे आणि तो खोलीशी जोडता येतो.

बिममध्ये हे काम करणारा प्रोग्रॅम काय करतो? तो खोलीच्या आतल्या कडेने फेरी मारतो. प्रत्येक टप्प्यावर समोर कुठली भिंत आहे ते विचारतो आणि तिच्या पुढ्यात गिलाव्याच्या जाडीची पातळ भिंत उभी करतो. पातळ भिंतीची मध्यरेषा त्या जाडीच्या निम्म्याने आत सरकवावी लागते, नाहीतर ती विटांत घुसते. मग ती मूळ भिंतीशी जोडायची, म्हणजे दारं-खिडक्या तिच्यातूनही आपोआप कापल्या जातात. सहा इंची भिंतीतून नऊ इंची कॉलम पुढे आला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूही फेरीत येतात. वहीतल्या मापात नेमक्या याच सुटतात. खोली कुठे उघडी राहिली, दोन भिंती टोकाला मिळाल्या नाहीत, तर मात्र फेरी पुरी होत नाही आणि प्रोग्रॅम थांबतो.

५ बाय ७ फुटांच्या न्हाणीघराचा परीघ २४ फूट. दार अडीच फुटांचं, म्हणून उरले साडेएकवीस. मालकाने टाइल्स चारऐवजी सात फुटांपर्यंत नेल्या की खोलीच्या नोंदीत एक आकडा बदलायचा, आणि साडेचौसष्ट चौरस फूट टाइल्स लगेच वाढतात.

तरी हे माप आणि बिलाचं माप एक नव्हे. गिलाव्याच्या मोजमापासाठी आयएस १२०० या भारतीय मानकाचा भाग १२ आहे. त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं दार-खिडकीचं भोक वजाच होत नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचं असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूचं वजा होतं. चौकटीलगतच्या कडा वेगळ्या धरत नाहीत. ३ बाय ७ फुटांचं नेहमीचं दार (१.९५ चौरस मीटर) याच गटात बसतं. प्रोग्रॅमने खरं क्षेत्रफळ आणि बिलाचं क्षेत्रफळ असे दोन वेगळे रकाने ठेवले तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

खानापूर-जांबोटीकडे काम आणखी अवघड. पाऊस दणदणीत, त्यामुळे कौलारू छपरं उतरती. आढ्याखाली भिंतीचा वरचा भाग त्रिकोणी होतो, पण साधा प्रोग्रॅम खोलीला सपाट छताचा खोका समजतो. १२ फूट रुंद, ४ फूट उंच त्रिकोण म्हणजे २४ चौरस फूट, आणि असे दोन. पातळ भिंतींचा माथा छपराला जोडला तरच ते मोजले जातात. त्यात भिंत जांभ्याची असेल तर चिरा खडबडीत आणि सच्छिद्र. खड्डे भरण्यातच बराच माल जातो. प्रतिमानातला सरसकट १५ मिलिमीटरचा गिलावा तिथे खोटा ठरतो. अशा भिंतींसाठी वेगळा, जाड थर नेमून दिला नाही, तर क्षेत्रफळ बिनचूक येऊनही सिमेंटची पोती कमी पडतात.