पत्ता चुकलेलं विकर

मुतखडा झाला की घरात पहिली बंदी टोमॅटोवर येते, दुसरी पालकावर. मग कुणी पानफुटीची पानं आणून देतं, कुणी हळूच बिअरचं नाव काढतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, त्यामुळे पालकावरचा संशय अगदीच खोटा नाही. पण काही मुलांना लहान वयातच खडे होतात, काढले तरी पुन्हा होतात. त्यांचा गुन्हेगार ताटात नसतो, मूत्रपिंडातही नसतो. तो यकृतात असतो.

आजाराचं नाव प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया, प्रकार पहिला. यकृतातलं एजीटी हे विकर (एन्झाइम) ग्लायॉक्झिलेटला अमिनो गट देऊन त्याचं निरुपद्रवी ग्लायसिन करतं. ते काम अडलं की त्याच ग्लायॉक्झिलेटचं ऑक्झलेट होतं.

अभ्यासासाठी हे विकर शुद्ध हवं. त्याचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात, सोबत हिस्टिडिन या अमिनो आम्लाची छोटी शेपटी जोडून. जिवाणू फोडून मिळालेला रस निकेल असलेल्या नळीतून (कॉलममधून) सोडला की शेपटी निकेलला धरून बसते, बाकीची बहुतेक प्रथिनं वाहून जातात. मग निकेलवरून शेपटीला हटवणारं इमिडॅझोलचं द्रावण ओतायचं, की विकर सुटून खाली येतं, आणि ते चक्क पिवळसर असतं! हा रंग बी-६ जीवनसत्त्वापासून बनलेल्या पायरिडॉक्सल फॉस्फेटचा. ते विकराच्या २०९व्या अमिनो आम्लाला, लायसिनला, चिकटलेलं असतं. (यकृत आणि पिवळा रंग म्हटल्यावर कावीळ आठवेल. चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ 'उतरवणाऱ्यांनी' कृपया इथे येऊ नये.) मग विकराला अलानिन (अमिनो गट याच्याकडूनच येतो) आणि ग्लायॉक्झिलेट देऊन अलानिनपासून किती पायरुव्हेट तयार होतं ते मोजलं, की त्याचा वेग कळतो.

खरी गंमत पुढे आहे. काही रुग्णांच्या यकृतात हे विकर होतं, परीक्षानळीत कामही करत होतं, तरी आजार होताच. १९८९ मध्ये संशोधक क्रिस्टोफर डॅनप्युअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ते पेशीतल्या भलत्याच खोलीत जाऊन बसलं होतं: पेरॉक्झिसोम या त्याच्या नेहमीच्या कप्प्याऐवजी मायटोकॉन्ड्रिया या दुसऱ्याच कप्प्यात.

हे कसं होतं? अनेक निरोगी माणसांतही या विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीत ११व्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन असतं. त्यामुळे विकरावर मायटोकॉन्ड्रियाचा एक पुसट पत्ता उमटतो. एरवी तो फारसा चालत नाही. कारण मायटोकॉन्ड्रियाच्या दारातून प्रथिनाचा उलगडलेला धागाच आत जातो, आणि एजीटीच्या धाग्याची तर झटपट घडी होते, आणि असे दोन रेणू जोडीने राहतात. पेरॉक्झिसोमला मात्र घडी झालेली जोडीही चालते. आता त्यात १७०व्या जागी ग्लायसिनऐवजी अर्जिनिन आलं, की घडी आणि जोडी दोन्ही रेंगाळतात. तेवढ्या अवधीत मायटोकॉन्ड्रिया धागा आत ओढून घेतो. जवळपास ९० टक्के विकर असं चुकीच्या घरी पोहोचतं, आणि पेरॉक्झिसोममधलं ग्लायॉक्झिलेट तसंच पडून राहतं.

इथे तो पिवळा रंग पुन्हा कामी येतो. पायरिडॉक्सल फॉस्फेट चिकटलं की घडी पक्की होते, म्हणून हा बदल असलेल्या अनेक रुग्णांचं ऑक्झलेट बी-६च्या मोठ्या मात्रेने कमी होतं, अर्थात डॉक्टरच्या देखरेखीखाली. ज्यांच्या यकृतात मुळात विकरच बनत नाही, त्यांच्यात मात्र बी-६ला चिकटायला काही सापडतच नाही.