सिगारची किंमत: पानात किती, पट्टीत किती?

एक स्वस्त आणि एक महाग अशा दोन सिगार घ्या आणि धारदार ब्लेडने उभ्या चिरा. न पेटवताच निम्मं उत्तर समोर येतं. यंत्रावर बनलेल्या स्वस्त सिगारमधून चुरा सांडतो: कातरलेल्या पानांचे तुकडे, मधूनच शिरांच्या काड्या. हाताने वळलेली सिगार उलगडली, की टोकापासून टोकापर्यंत सलग पानं निघतात, चुण्या घालून एकमेकांशेजारी बसवलेली. त्या चुण्यांमधल्या फटींतून हवा जाते, म्हणून झुरका मोकळा येतो. चुरा भरभर जळतो, धूर तापतो, तोंडाला कडवटपणा येतो आणि तुकडे जिभेवर येतात. हा फरक खरा आहे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात हेही रास्त आहे.

सिगारचे भाग तीन: आतला भरणा, त्याला आवळून धरणारं पान आणि वरचं वेष्टण. भरण्यातली पानं झाडाच्या कोणत्या भागातली, यावर चव आणि जळण ठरतं. खालची पानं, म्हणजे ‘वोलादो’, पातळ असतात आणि पटकन पेटतात. मधल्या ‘सेको’ पानांत सुगंध जास्त. शेंड्याकडच्या ‘लिगेरो’ पानांना ऊन भरपूर मिळतं, म्हणून ती जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारी. लिगेरो नेहमी अगदी मध्यात ठेवतात. ते एका बाजूला सरकलं, की सिगार तिरकी जळते: एक कड पुढे पळते, दुसरी मागे राहते. पान पिळलं गेलं किंवा वळण घट्ट बसलं तर झुरकाच येत नाही. हा दोष कारागिराच्या हाताचा असतो आणि तो महागड्या पेटीतही निघतो.

तोडलेलं पान कोठारात साधारण दीड ते दोन महिने टांगून वाळवतात. मग त्याचे ढीग रचतात. हा ढीग आतून तापतो, जसा आपल्याकडे शेणखताचा ढीग तापतो. ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापला, की मोडायचा, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचायचा. या आंबण्यात अमोनिया निघून जातो आणि पान मऊ होतं. त्यानंतर पान वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, मुरायला ठेवतात. कारखान्याचा पैसा तितके दिवस अडकतो आणि किमतीचा मोठा वाटा इथे आहे. घाई केलेली सिगार ओळखणं सोपं आहे: पेटवायच्या टोकाला नाक लावा. गोठ्यासारखा झोंबरा वास आला, तर आंबवणं अर्धवट राहिलंय.

जळण्यामागचं एक कारण नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला लगेच पटेल. बागेत पोटॅश देताना तो म्युरेट (पोटॅशियम क्लोराइड) टाळून ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश घेतो, कारण क्लोराइड वेलीला मानवत नाही. तंबाखूचंही तसंच आहे. पोटॅशियम भरपूर असलेलं पान नीट जळतं. क्लोराइड जास्त झालं, की ते विझत राहतं, मग सिगारवर नावाची कागदी पट्टी कोणाचीही असो. आणि चांगल्या पानासाठी सातासमुद्रापार जायलाच हवं असंही नाही. रामकुंडावरून वाहणारी गोदावरी पुढे आंध्रात पोचते, तिथे तिच्या पात्रातल्या बेटांवर, ज्यांना ‘लंका’ म्हणतात, चिरुटाचा तंबाखू पिकतो. एकोणिसाव्या शतकात त्याचे आणि तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्लंडपर्यंत जात होते.

मग महाग आणि अतिमहाग यांत फरक किती? इथे नाव बोलू लागतं. क्यूबाच्या क्रांतीनंतर १९६० मध्ये सरकारने सिगार कारखाने ताब्यात घेतले आणि जुने मालक देशाबाहेर गेले. म्हणून मोंटेक्रिस्टो किंवा रोमिओ इ हुलिएता हे नाव आज दोन वेगळ्या सिगारींवर असतं: एक क्यूबाची, दुसरी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेली. पान वेगळं, माती वेगळी, नाव तेच. आणि २०२२ मध्ये कोहिबा या क्यूबाच्या नामांकित सिगारचे भाव जगभर एका पातळीवर आणले गेले, तेव्हा अनेक देशांत ते एकदम कितीतरी वाढले. पेटीतलं पान मात्र आदल्या दिवशीचंच होतं. कोहिबाच्या काही पानांना तिसऱ्यांदा आंबवतात, हा तिचा खरा गुण आहे. पण भाववाढीचा त्या गुणाशी संबंध नव्हता. काचेच्या झाकणाच्या पेटीत कोणी कोहिबा दाखवली तर ती बनावट समजा. आपल्याकडे आयात शुल्क आणि करही वर चढतात, त्यामुळे दुकानातल्या किमतीवरून दर्जा ओळखता येत नाही.

किमतीचा जिभेवर होणारा परिणाम मोजला गेलाय तो वाइनवर. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २० जणांना मेंदूचा स्कॅन चालू असताना वाइन दिली. पाच वेगवेगळ्या वाइन आहेत असं सांगितलं, प्रत्यक्षात होत्या तीनच. एकच वाइन कधी ५ डॉलरची, कधी ४५ डॉलरची म्हणून पाजली. महाग म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाशी निगडित भागही जास्त सक्रिय झाला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त मजा आली होती. सिगारवरची सोनेरी पट्टी हेच काम करते. हे स्वतः तपासायचं तर पट्ट्या काढायच्या, एका जातीच्या दोन आणि दुसरीची एक अशा तीन सिगारींना दुसऱ्या माणसाकडून क्रमांक द्यायचे आणि वेगळी कोणती ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनदा सलग बरोबर येण्याची शक्यता २७ मध्ये १ असते. ज्या सिगारचा फरक ओळखता येईना तिच्यासाठी जास्त पैसे का द्यायचे?

आमचं मत: हाताने वळलेल्या, सलग पानाच्या सिगारपर्यंत वाढणारी किंमत पानात जाते, त्यापुढची बरीचशी पट्टीत. वेष्टणाचा रंग जुळला नाही म्हणून पेटीऐवजी जुडीने विकल्या जाणाऱ्या सिगारी याला उत्तम उदाहरण आहेत. आतला भरणा बहुधा तोच असतो.

शरीराच्या बाबतीत मात्र किंमत काहीच विकत घेत नाही. सिन्नरची विडी, स्वस्त सिगार, महाग सिगार: धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक रसायनं सगळ्यांतच. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, म्हणून तो छातीत न ओढताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम तंबाखू असतो, सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी. आणि ज्या आंबवण्याचं इतकं कौतुक होतं, त्यातच नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्यं वाढतात. तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग पट्टी पाहत नाही.

नाशिकमध्ये तर किमतीपेक्षा हवा जास्त नडते. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, कांद्याच्या चाळीत हवी तितकीच. एप्रिल-मेच्या दुपारी इथे ती ३० टक्क्यांखाली उतरते. वेष्टण तडकतं आणि सुगंधी तेलं उडून जातात. पावसाळ्यात ८० च्या वर गेली, की सिगार फुगते, विझते, बुरशी धरते. म्हणून हवाबंद डबा आणि आर्द्रता राखणारं पाकीट. डब्यातला आर्द्रतामापक आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा. झाकण आणि मापक बंद पिशवीत १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ दाखवला तर पुढे नेहमी ४ मिळवा. डबा तापू देऊ नका. उष्णतेत तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटतात, हळदीला लागतो तोच हा किडा. वेष्टणावर टाचणीएवढी गोल भोकं दिसली, तर सगळ्या सिगारी बंद पिशवीत घालून किमान तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. थेट बाहेर काढल्या, की वेष्टण फाटतं.