शिक्क्यापासून शंभर गुणांपर्यंत: हवाना सिगारच्या पारखीची पार्श्वभूमी

हाताने वळलेल्या महागड्या सिगारला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत जेमतेम तीन दशकांची आहे. 1992 साली न्यूयॉर्कहून ‘सिगार अफिसिओनादो’ हे नियतकालिक सुरू झालं, त्यानंतर ती रुजली. त्याआधी दीडशे वर्षं सिगारची पारख होतच होती, पण ती ओढणाऱ्यासाठी नव्हती. ती होती कारखान्याच्या मालकासाठी, सरकारी वसुलीसाठी आणि नकली माल ओळखू पाहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी. आज जाणकार मंडळी चव घेताना ज्या तक्त्यावर खुणा करतात, त्यातले निम्मे रकाने याच तिघांनी आखून ठेवलेले आहेत.

सुरुवात क्युबातून करावी लागते. 1492च्या नोव्हेंबरात कोलंबसने बेटाच्या आत पाठवलेल्या दोघा माणसांनी तिथल्या ताइनो लोकांना वळलेली पानं पेटवून धूर घेताना पाहिलं. पुढची दोन शतकं तंबाखू स्पेनमध्ये पसरली आणि तिच्यावरचा कर खजिन्याला गोड लागला. 1717 साली स्पेनच्या राजाने क्युबाच्या तंबाखूचा मक्ता सरकारकडे घेतला. पिकवणाऱ्यांनी पानं सरकारी गोदामात, सरकारी भावाने घालायची, असा तो कारभार होता. शेतकरी उठले, एकदा नव्हे, तीनदा. 1723च्या उठावानंतर काहींना हवानाजवळ फाशी देण्यात आलं. पानाची प्रत ठरवणं म्हणजे त्याचा भाव ठरवणं, आणि तो अधिकार कुणाचा, यावरून इथे माणसं मेली आहेत.

पानं मोठ्या प्रमाणावर स्पेनमधल्या सेव्हिलला जात. तिथल्या राजकारखान्याची अवाढव्य दगडी इमारत आज विद्यापीठाकडे आहे. 1817 साली मक्ता उठला आणि हवानात खासगी कारखान्यांचं पेव फुटलं. पोर लारान्यागा 1834, एच. उपमन 1844, पार्तागास 1845, ओयो दे मोंतेरे 1865, रोमेओ इ हुलिएता 1875. ही सगळी नावं अजून बाजारात आहेत. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कमध्ये ‘हवाना’ या शब्दाला पैसे मिळू लागले आणि लगेच कुठलीही पानं वळून हवानाच्या नावाने खपवणारेही निघाले. म्हणून पेटीवर रंगीत छापील चित्रं, सिगारभोवती कागदी पट्टी, आणि 1889 साली कारखानदारांच्या संघटनेला मिळालेला राजमान्य शिक्का. क्युबा स्वतंत्र झाल्यावर 1912च्या कायद्याने पेटीवर हिरवट हमीपट्टी आली. ती थोडीफार बदलून आजही लागते. तेव्हा पारखीचा पहिला प्रश्न ‘चव कशी’ हा नव्हताच. माल खरा आहे का, एवढंच विचारलं जायचं.

दुसरी परीक्षा डोळ्याची. वळून झालेले सिगार रंगाप्रमाणे निवडण्याचं काम हवानाच्या कारखान्यात वेगळी माणसं करतात. क्लारो, कोलोरादो, मादुरो अशी ढोबळ नावं असली, तरी निवडणाऱ्याला तपकिरीच्या साठेक छटा वेगळ्या दिसायला हव्यात. एका पेटीत शेजारी शेजारी छटा जुळल्या पाहिजेत: डावीकडे सगळ्यात गडद, उजवीकडे सगळ्यात फिकट. चवीशी याचा काडीचा संबंध नाही. झाकण उघडताच गिऱ्हाईक खूश व्हावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. तरीही आजच्या गुणतक्त्यात ‘दिसणं’ हा रकाना आहे आणि त्याचे गुण मिळतात. सवय सुटत नाही, दुसरं काय.

खरी गुंतागुंत आत आहे. सिगारचे तीन भाग: बाहेरचं वेष्टनाचं पान, त्याखालचं बांधणीचं पान आणि मधला भरणा. क्युबात भरण्याची पानं झाडावरच्या जागेनुसार निवडतात. खालचं व्होलादो, सौम्य पण चटकन जळणारं. मधलं सेको, सुगंधाचं. वरचं लिहेरो, ऊन खाल्लेलं, जाड, तेलकट, सगळ्यात कडक आणि जळायला आळशी. लिहेरो म्हणूनच नेमकं मध्यावर ठेवतात. ते कडेला सरकलं तर सिगार एका बाजूने जळत जातो. वेष्टनाची पानं पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागात, सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेसच्या आसपास, पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. ऊन गाळून मिळालं की पान रुंद, पातळ, मऊ होतं.

वळणाऱ्याकडे लाकडी पाट, चावेता नावाचं मुठीविना अर्धगोल पातं आणि टोक चिकटवायला थोडासा वनस्पतिजन्य डिंक असतो. भरण्याचं प्रत्येक पान हातात घडी घालत ठेवायचं, मधे हवेला वाट ठेवायची. पानं पिळून घातली की वाट बंद. घट्ट वळलेली विडी ओढता ओढता गाल दुखतात, तसाच प्रकार, फक्त किंमत शेकडो पट. वळलेले सिगार पन्नासच्या जुड्यांत बांधतात आणि जुडीवर वळणाऱ्याचा क्रमांक लावतात. तपासनीस लांबी, जाडी, वजन बघतो, मधूनच एखादा सिगार उभा चिरून पानं कशी बसली आहेत ते पाहतो. जाडी अजूनही इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. 50 जाडीचा म्हणजे 50/64 इंच व्यासाचा.

जाता जाता एक: या कारखान्यांत 1865 पासून काम चालू असताना मोठ्याने वाचन होतं. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या. वाचणाऱ्याचा पगार पूर्वी कामगार वर्गणी काढून देत. सरकारने त्यावर लवकरच बंदी घातली, ती टिकली नाही. चवीच्या चर्चेत हे येत नाही, पण वळणारा आठ तास एका जागी बसून हात एकसारखा चालवतो, त्यामागे हेही आहे.

आणि मग कातादोर, म्हणजे कारखान्याचा चवघेणा. आजच्या गुणपद्धतीचा खरा पूर्वज हाच, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. वळणाऱ्यांच्या जुड्यांतून नमुने काढून त्याच्यापुढे ठेवतात. तो सकाळी ओढतो, जीभ ताजी असताना. सिगार पूर्ण ओढत नाही, साधारण पहिला तिसरा हिस्सा, मग बिनसाखरेच्या चहाचा घोट, मग पुढचा. तो नोंदवतो ते असं: ओढ (म्हणजे झुरका घेताना हवा किती सहज येते ती) मोकळी आहे का, जळतो कसा, कडकपणा किती, सुगंध, चव आणि एकंदर मत. त्याला ‘हा सिगार थोर आहे का’ असं कुणी विचारत नाही. त्याला विचारतात, ‘हा आपल्या ठरलेल्या मिश्रणासारखा लागतो का, आणि अमुक क्रमांकाचा माणूस नीट वळतोय का?’ चूक सापडली की ती थेट त्या पाटापर्यंत पोचते. त्याच्या कागदावरच्या नोंदी बाजारात येत नाहीत, म्हणून त्याला कुणाची भीड पडायचं कारण नाही. माझ्या मते ही पारख गुणांच्या यादीपेक्षा सरस आहे, पण ती विकता येत नाही.

1960च्या सप्टेंबरात कास्त्रो सरकारने कारखाने ताब्यात घेतले. सुरुवातीला जुने ब्रँड मोडून ‘सिबोनेय’ या एकाच नावाने सिगार विकण्याचा घाट घातला गेला. परदेशी गिऱ्हाइकाने पाठ फिरवली आणि समाजवादी सरकारला भांडवलदारांची जुनी नावं परत आणावी लागली. उलट कोहिबा हा सरकारचाच: 1966च्या सुमारास कास्त्रोसाठी आणि पाहुण्यांना भेट देण्यासाठी बनू लागला, 1982 पासून दुकानांत आला. त्याच्या सेको आणि लिहेरो पानांना तिसऱ्यांदा आंबवतात, त्यामुळे तिखटपणा मोडतो.

फेब्रुवारी 1962 मध्ये अमेरिकेने क्युबाशी व्यापार पूर्ण बंद केला. केनेडींचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी की, सहीच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी त्यांना हजारेक ‘पेटिट उपमन’ गोळा करायला सांगितले. सकाळी 1,200 मिळाल्याचं कळल्यावर केनेडींनी खणातून हुकूम काढून सही केली.

या बंदीने पारखीचं गणित बदललं. जगातली सर्वांत मोठी सिगारची बाजारपेठ आणि सर्वांत नावाजलेला माल यांची ताटातूट झाली. क्युबातून परागंदा झालेली घराणी बी आणि हातची कला घेऊन डोमिनिकन रिपब्लिक, होन्डुरास, निकाराग्वात गेली. होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी 1964 मध्ये मायामीत सुरुवात केली आणि नंतर निकाराग्वाच्या एस्तेली भागात ठाण मांडलं. काही घराण्यांनी जुनी नावंही सोबत नेली. म्हणून आज मोंतेक्रिस्तो, पार्तागास हे क्युबाचेही आहेत आणि डोमिनिकनही, पट्टीवर जवळपास तेच चित्र. इकडे क्युबात 1980च्या सुमाराला निळ्या बुरशीने पीक झोपवलं. जिनिव्हाचे सिगार व्यापारी झिनो दाविदोफ यांचा क्युबाच्या मालावरून खटका उडाला, त्यांच्या कंपनीने 1989 मध्ये लाखाहून जास्त सिगार जाळून टाकले आणि डोमिनिकन रिपब्लिकची वाट धरली.

अशा वेळी आंधळी चाचणी हे हत्यार ठरलं. पट्टी काढून टाकायची, जागी क्रमांकाची कोरी पट्टी लावायची, मग ओढायचं. ‘अफिसिओनादो’चे मार्व्हिन शँकेन यांच्याकडे वाईनचं नियतकालिक आधीच होतं, शंभर गुणांची मोजपट्टी तिथूनच आली. दिसणं व बांधणी, ओढताना वागतो कसा, चव, एकंदर मत, असे चार भाग. पहिले दोन तर सरळ कारखान्याच्या तपासणीतले. नव्वदच्या वर गेला की दुकानातून माल गायब. अमेरिकनांना दुकानात क्युबाचा माल मिळतच नव्हता, आणि डोमिनिकन, निकाराग्वाच्या सिगारला त्याच्या बरोबरीने कागदावर उभं राहता आलं, ते या मोजपट्टीमुळे. 2004 साली या नियतकालिकाने ‘वर्षाचा सिगार’ पहिल्यांदा जाहीर केला, तो पाद्रोनचा, निकाराग्वात वळलेला. त्याच्या तीस वर्षं आधी असं कुणी म्हटलं असतं तर हवानात हसू पिकलं असतं.

पण गुणांनी भूकही वाढवली. 1992 मध्ये अमेरिकेत आयात होणारे हाताने वळलेले सिगार दहा कोटींच्या आसपास होते, 1997 मध्ये चाळीस कोटींच्या वर. एवढं मुरलेलं पान जगात नव्हतंच. कच्चं पान, नवखे हात, आणि कुणी ऐकलंही नाही अशा ‘डॉन’ अमुकतमुक नावांचे ब्रँड. क्युबानेही उत्पादन ताणलं, नव्या वळणाऱ्यांची भरती केली, आणि नव्वदीच्या अखेरच्या पेट्यांत ओढ बंद असलेले सिगार भरपूर निघाले. महागडा सिगार पेटवायचा आणि झुरका यायचाच नाही. मग 2000 नंतर तिथल्या कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रं आली. वेष्टन चढण्याआधी भरणा यंत्राच्या नळीत धरायचा, हवा ओढायची, काटा पाहायचा, घट्ट असेल तर परत. हाताची परीक्षा यंत्राने सुरू झाली आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

शंभर गुणांच्या मर्यादा यात उघड्या पडतात. कडक सिगार तीन वर्षं पेटीत मुरला की वेगळाच लागतो, आणि गुण मात्र त्या दिवशीचे. शेजारच्या पाटावरच्या माणसाचा सिगार अजून वेगळा. शिवाय 91 आणि 92 मधला फरक कुणाच्या जिभेला कळतो, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. ‘भाजलेला कोको, चामडं, ओली माती’ ही शब्दकळाही वाईनकडून उसनी आली. ‘ओढ मोकळी, जळणं सरळ, कडकपणा मध्यम’ एवढ्यावर थांबणारा कातादोर त्यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

भरभराटीला दुसरी बाजूही होती. 1998 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सिगारवर स्वतंत्र ग्रंथ काढला. धूर छातीत न घेणाऱ्यालाही तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका असतो, हे त्यात पुराव्यानिशी मांडलं होतं. कुठल्याही गुणतक्त्यात याचा रकाना नाही.

‘प्रीमियम’ सिगार म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. ऑगस्ट 2023 मध्ये वॉशिंग्टनमधले न्यायाधीश अमित मेहता यांनी अशा सिगारना अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांतून वगळलं, आणि वगळायचं कुणाला, ते ठरवायला आठ अटींची व्याख्या वापरली. वेष्टन अखंड पानाचं. बांधणीचं पानही अस्सल तंबाखूचं. भरण्यात वजनाने निम्मी तरी लांब पानं. हाताने वळलेला. गाळणी किंवा वेगळं टोक नाही. तंबाखू, पाणी आणि वनस्पतिजन्य डिंक याखेरीज काही मिसळलेलं नाही. हजार सिगारचं वजन सहा पौंडांहून जास्त. चवीबद्दल आठांत एकच अट आहे: तंबाखूशिवाय दुसरी कुठली ठळक चव लागता कामा नये.