डोळ्यातला ठिपका बघा, मग फोटोवर बोला

उघड्यावर काढलेला कुणाचा फोटो दाखवला की बहुतेक वेळा दोनच प्रतिक्रिया मिळतात. एक ‘भारीच!’ आणि दुसरी ‘काहीतरी जमलं नाहीये.’ पहिलीने हुरूप येतो, दुसरीने जातो. पण पुढच्या वेळी नेमकं काय करायचं, ते दोन्हींतून कळत नाही. पुण्यात रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन पेठांत किंवा टेकडीवर फिरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ही मंडळी एकमेकांचे फोटो आवर्जून बघतात, म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो.

अभिप्रायाचा परिणाम कसा होतो यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालं आहे. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ साली अशा अभ्यासांतले सहाशेहून जास्त निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी काढली तर अभिप्रायाने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते चक्क बिघडलं होतं. अभिप्रायाचा रोख कामावरून माणसावर सरकू लागला की त्याचा उपयोग कमी होतो, असं त्यांना दिसलं. ‘तुला उजेडाची जाणच नाही’ हा झाला माणसावरचा शेरा. ‘उजेड थेट डोक्यावरून येतोय, तिला दोन पावलं दाराच्या आडोशाला घे’ हा कामावरचा. दुसरं वाक्य बोलायला मात्र उजेड कुठून आला हे आधी ओळखता यायला हवं.

ते फोटोतच लिहिलेलं असतं. बुबुळापुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, ओला आणि गोलसर असतो. समोरून पडलेल्या उजेडातला जेमतेम अडीच टक्के भाग तो परत फेकतो, पण तेवढ्याने बहिर्वक्र आरशात दिसावं तसं समोरचं सगळं दृश्य त्यात इवलंसं उमटतं. फोटो दोन बोटांनी मोठा करा आणि डोळ्यात बघा. टोकदार, लहानसा ठिपका असेल तर उजेड सूर्याचा किंवा फ्लॅशचा. वरच्या बाजूला पसरट पांढरा पट्टा असेल तर मोकळ्या आकाशाचा. खालच्या अर्ध्यात फिकट चमक असेल तर फरशीवरून किंवा कुणी धरलेल्या थर्माकोलवरून उजेड वर आला आहे. आणि डोळ्यात काहीच चमकत नसेल तर भुवईच्या हाडाने उजेड अडवला. चेहरा ‘मेलेला’ वाटतो तो बहुधा यामुळेच.

पुण्यात याचा सर्वांत मोठा फटका मे महिन्यात बसतो. शहराचं अक्षांश साडेअठरा अंश. त्यामुळे १३ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेरीस भरदुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, खांबाची सावली नाहीशी होते आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा पन्नास अंशांपलीकडे चढत नाही. म्हणजे ‘दुपारी फोटो काढू नये’ हा सरसकट सल्ला पुण्याच्या हिवाळ्याला तितकासा लागू नाही.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जातो आणि २१ मार्चपर्यंत तिकडेच राहतो. या काळात उत्तरेकडच्या भिंतीवर दिवसभर थेट ऊन पडत नाही. दरवाजाजवळ सावलीत माणूस उभा केला की समोरच्या पटांगणावरचं मोकळं आकाश त्याच्या चेहऱ्यावर उजेड टाकतं. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून त्याच्या सावल्यांच्या कडा धारदार येतात. आकाश मात्र एवढं विस्तीर्ण की नाकाची सावली गालावर कुठे संपते ते सांगता येऊ नये. श्रावणातल्या ढगाळ दिवशी हाच मऊपणा सगळ्या शहरभर मिळतो. सावलीतला चेहरा किंचित निळसर येतो, तेवढा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सोय, ‘शेड’वर ठेवावा.

झाडाखालची सावली मात्र फसवी. एका मैत्रिणीने एम्प्रेस गार्डनमध्ये काढलेला भावाचा फोटो दाखवला. गाल हिरवट, आणि उजव्या पापणीवर पांढराफटक गोल. गाल हिरवट, कारण पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषतं, उरलेला हिरवा खाली येतो. गवतही तेच करतं. तो गोल म्हणजे पानांमधल्या बारीक फटीतून पडलेली सूर्याची प्रतिमा. तिची रुंदी फटीपासूनच्या अंतराच्या साधारण एकशे सातव्या भागाइतकी असते. फांदी पाच मीटर वर असेल तर गोल पावणेपाच सेंटिमीटरचा, म्हणजे सबंध डोळा झाकेल एवढा. आणि थेट ऊन सावलीपेक्षा आठ ते सोळा पट प्रखर असल्यामुळे तेवढी जागा पार पांढरी पडते, मग एडिटिंगमध्ये काही हाती लागत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, भावाला झाडाच्या घेराच्या कडेला आण, तोंड बाहेर मोकळ्या आकाशाकडे असू दे आणि पायाखाली गवताऐवजी वाट. त्याच बागेतला तिचा पुढचा फोटो स्वच्छ आला.

‘नाक मोठं दिसतंय’ ही तक्रार लोक लेन्सवर ढकलतात. खरा दोष अंतराचा. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण बारा सेंटिमीटर पुढे असतं. कॅमेरा चाळीस सेंटिमीटरवर धरला तर कानांच्या मानाने नाक तीस टक्के मोठं उमटतं. दोन मीटरवर गेलात तर सहाच टक्के. ८५ मिलिमीटरची, म्हणजे दृश्य थोडं जवळ खेचून दाखवणारी लेन्स चेहऱ्याला मानवते, कारण ती तुम्हाला मागे जायला लावते. मोबाइलवरही मागे सरकून दोनपट किंवा तीनपट झूम घेतला की हेच साधतं.

उरते फोटोतल्या व्यक्तीची स्वतःची टीका: ‘मी अशी दिसत नाही.’ हिच्याशी वाद घालू नये. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट यांनी काही जणींना त्यांचाच फोटो सुलट आणि आरशातल्यासारखा उलट असा दाखवला. त्यांचा स्वतःचा कल आरशातल्या रूपाकडे होता, तर त्यांच्या जवळच्या माणसांचा कल सुलट रूपाकडे. जो चेहरा रोज बघतो तोच आपल्याला आपलासा वाटतो. म्हणून अशी तक्रार आली की मी आधी फोटो फ्लिप करून तिच्यापुढे धरते. ‘हां, आता बरा आहे’ असं उत्तर आलं तर उजेड आणि अंतर ठीक होतं, फोटो सुलटच ठेवायचा. तरीही नको म्हणाली तर डोळ्यातला ठिपका पुन्हा बघायचा आणि ऊन असेतो आणखी एक काढायचा.