वाडीवरचा दुसरा शिक्षक: संचमान्यतेच्या वादाची पार्श्वभूमी

२०२४-२५ ची संचमान्यता, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षकपदे मंजूर हे सांगणारा तक्ता, लॉगिनला दिसू लागली तेव्हा अनेक शाळांना सहावी ते आठवीच्या मंजूर पदांपुढे शून्य दिसले. वर्ग आहेत, हजेरीपटावर मुले आहेत, मुलांना पोषण आहार मिळतो, पण मंजूर शिक्षक शून्य. हे शून्य १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातून आले एवढे शिक्षकांच्या खोलीत सर्वांना पाठ आहे. मात्र त्या निर्णयात पटाची मर्यादा म्हणून आलेला वीसचा आकडा त्या दिवशी जन्माला आलेला नाही. तो आधी दुसऱ्याच कामासाठी वापरात होता, आणि त्याचे काम कसे पालटत गेले हे पाहिल्याशिवाय आजची भांडणे नीट कळत नाहीत.

फार मागे जाण्याचे कारण नाही. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा शाळा मंडळे आली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्या काळात एकशिक्षकी शाळेत कुणाला वावगे वाटत नसे. चौथीपर्यंतच्या चारही इयत्ता एकाच खोलीत आणि गुरुजी एक, ही रीतच होती. गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की शाळेला सुटी.

ही रीत मोडायला पहिला धक्का बसला तो १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर, १९८७-८८ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि दुसरे पद शक्यतो शिक्षिकेला, असे तिचे सूत्र होते. वाडीवरच्या शाळेत दुसरा शिक्षक हक्काने यायला लागला तो इथून. पुढे २००० नंतर वस्तीशाळा निघाल्या. डोंगरातल्या, तांड्यावरच्या, मळ्यातल्या मुलांपर्यंत शाळा गेली पाहिजे, पट छोटा असला तरी चालेल, हे त्यामागे गृहीत होते. वस्तीशाळेचे स्वयंसेवक तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबले आणि २०१४ मध्ये कुठे ते नियमित शिक्षक झाले. आज ज्यांना ‘कमी पटाच्या शाळा’ म्हटले जाते त्यांतल्या कित्येक मुळात अशा वस्त्यांवर जाणूनबुजून काढलेल्या आहेत. यादी करताना ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या परिशिष्टातला तक्ता मुख्याध्यापकांना तोंडपाठ असतो: पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक, तोही असा की गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांना प्रत्येकी किमान एक जण मिळेल. तक्त्यात ‘६० पर्यंत’ असे आहे. खालची मर्यादा कुठेच नाही. पट साठ असो की सहा, शिक्षक दोन. शिक्षक संघटना आजही बोट ठेवतात ते याच ओळीवर.

मग वीस कुठून आले? राज्याने २०११ मध्ये या कायद्याचे नियम केले, त्यांत. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी आणि तिथे सहा ते अकरा वयोगटातली, शाळेत यायला तयार असलेली किमान वीस मुले उपलब्ध असावीत, असे त्या नियमात आहे. सहावी ते आठवीसाठी अंतर तीन किलोमीटर, आणि आसपासच्या प्राथमिक शाळांच्या पाचवीत मिळून किमान वीस मुले. म्हणजे हा आकडा नवी शाळा कुठे काढायची ते ठरवण्यासाठी होता. असलेल्या शाळेतला शिक्षक किती पटाला काढून घ्यायचा, याबद्दल त्या नियमात अक्षर नाही.

त्याच वर्षी दुसरीकडे एक घटना घडली आणि शाळांशी बोलण्याची प्रशासनाची भाषाच बदलली. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. महसूल खात्यासह इतर खात्यांची माणसे शाळेत आली, मुलांच्या बोटांना शाई लागली. सुमारे २० लाख मुले कागदावरच असल्याचे त्यातून पुढे आले. खोट्या पटावर तुकड्या, तुकड्यांवर पदे, पदांवर अनुदान, असा तो धंदा होता आणि तो उघडा पडला हे चांगलेच झाले. पण त्यानंतर हजेरीपटावरच्या सहीला किंमत राहिली नाही. पुढच्या प्रत्येक सूचनेच्या मुळाशी एकच प्रश्न राहिला: मूल खरे आहे कशावरून?

२०१५ मधली विद्यार्थी-नोंदणीची ‘सरल’ ही ऑनलाइन प्रणाली, यू-डायस या शाळांच्या देशव्यापी माहितीसाठ्याचे वाढत गेलेले रकाने, विद्यार्थ्याचा कायम क्रमांक, आता अपार आयडी हा देशपातळीवरचा विद्यार्थी-क्रमांक, हे सगळे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. त्यात सर्वांत जाचक ठरली ती आधारची अट. संचमान्यतेसाठी आधार वैध झालेलीच मुले मोजायची असे ठरले आणि नावातल्या एका अक्षराचा फरक, जन्मतारखेच्या जागी पडलेली १ जानेवारी, लहानपणीचे न जुळणारे ठसे, यांमुळे वर्गात रोज बसणारी मुले मोजणीतून गळू लागली. आधार नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. प्रवेश कुणी अडवलाही नाही. मुलाला वर्गात घेतले आणि त्याच्या शिक्षकाच्या हिशेबातून वगळले.

संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट मोजतात, त्याचेही तसेच. सप्टेंबरअखेर वर्ग स्थिरावलेले असतात म्हणून ही तारीख धरली जाते. ऊसतोडीच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि हंगामी वसतिगृहाची सोय नसेल तर मुलेही बरोबर जातात. तिथे ३० सप्टेंबरचा पट आणि डिसेंबरमधली हजेरी यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. जिथे हे मजूर तोडीला येतात त्या गावांचे चित्र नेमके उलटे. एका तारखेवर वर्षभराची पदे ठरवायची ही पद्धत शहराला बरी पडते.

पदे ठरवण्याचा पायाही याच काळात बदलला. माध्यमिककडे पूर्वी हिशेब तुकडीचा असे: आठवी ते दहावीच्या तुकडीमागे दीड शिक्षक, पाचवी ते सातवीच्या तुकडीमागे एक पूर्णांक तीन. १३ डिसेंबर २०१३ च्या आणि नंतर २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयांनी तुकडी मागे पडली आणि एकूण विद्यार्थिसंख्या पुढे आली. अतिरिक्त शिक्षक आणि समायोजन (त्यांना दुसऱ्या शाळेत सामावून घेणे) हे शब्द तेव्हापासून दर उन्हाळ्यात ठरलेले. पाचवी हायस्कुलातून प्राथमिककडे आणायची की नाही हा घोळ अजून पुरता मिटलेला नाही. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

शाळा बंद करण्याचा पहिला मोठा निर्णय डिसेंबर २०१७ चा. दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळांतली मुले जवळच्या शाळांत हलवायची ठरली. कागदावरचे एक-दोन किलोमीटर प्रत्यक्षात ओढा, घाट किंवा हमरस्ता ओलांडून असतात, हे तेव्हा गावोगावच्या पालकांनी दाखवून दिले. त्यानंतर मर्यादा दहावरून वीसवर सरकली. सप्टेंबर २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा, त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले आणि २९ हजारांवर शिक्षक होते. गलका झाल्यावर ‘फक्त माहिती मागवली’ असा खुलासा आला. वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवणारे पत्र निघाले. नमुना म्हणून नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातले पानशेत पुढे केले गेले. दोन्हीकडे परिसर दुर्गम आणि सोयी खास उभ्या केलेल्या. इतर तालुक्यांत बस कोण देणार आणि तिचा खर्च किती वर्षे चालणार, यावर त्या पत्राचा भर नव्हता.

शासनाची बाजू अगदीच पोकळ नाही. जन्मदर उतरतो आहे, इंग्रजी माध्यमाची पिवळी बस वाडीपर्यंत येते आहे. पाच इयत्तांत मिळून सात मुले असतील तर खेळायलाही संघ होत नाही, सोबत्यांकडून होणारे शिकणे उरत नाही. एवढ्या मुलांमागे दोन पूर्ण वेतने हा सवाल तिजोरी सांभाळणारा विचारणारच. मात्र हा सवाल शाळेच्या भवितव्याचा म्हणून उघड मांडून ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत सोडवता आला असता. तो सोडवला गेला पदांच्या तक्त्यातून.

१५ मार्च २०२४ च्या निर्णयाने नेमके हेच केले. शाळा बंद करण्याबद्दल त्यात काही नाही. पहिली ते पाचवीला वीस किंवा त्याहून कमी पट असेल तर नियमित शिक्षक एक आणि गरज पडल्यास दुसरा सेवानिवृत्तांमधून. तिसरे पद नव्याने मिळवायला पूर्वी ६१ पट पुरे होता, तो आता ७६ लागतो; म्हणजे पुढच्या टप्प्यातला निम्मा पट ओलांडल्याखेरीज वाढीव पद नाही. आणि सहावी ते आठवीला पट वीसच्या आत असेल तर पदच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातली ‘प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक’ ही ओळ आणि हे शून्य एकमेकांशी कसे जुळतात, याचे पटेल असे उत्तर या लेखकाला कुठल्याच परिपत्रकात सापडलेले नाही.

सेवानिवृत्तांची कल्पनाही एकदम आलेली नव्हती. शिक्षक भरती रखडली म्हणून ७ जुलै २०२३ ला दरमहा २० हजार मानधनावर निवृत्त शिक्षक घेण्याची तात्पुरती सोय झाली होती. तात्पुरती सोय नऊ महिन्यांत तक्त्यात शिरली. ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे शिक्षक दिनालाच, पुढची पायरी आली: वीसपर्यंत पटाच्या शाळांतल्या दोन पदांपैकी एकावर कंत्राटी शिक्षक, निवृत्त किंवा डीएड-बीएड झालेले बेरोजगार, मानधन दरमहा १५ हजार. इतक्या पैशांत घरापासून दूर, भाड्याची खोली घेऊन कोण राहणार, हा प्रश्न निर्णय वाचणाऱ्या प्रत्येकाला पडला. संघटना एकत्र आल्या. २५ सप्टेंबरला शिक्षक सामूहिक रजेवर जाऊन मोर्च्याने रस्त्यावर उतरले. त्याच्या दोन दिवस आधी मर्यादा वीसवरून दहावर आणली गेली, पण मोर्चे व्हायचे ते झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकीचा निर्णयच रद्द झाला.

तो रद्द झाल्याचा आनंद फार टिकला नाही, कारण मार्चचा निर्णय तसाच राहिला. कंत्राटी शिक्षकावर एवढा गदारोळ झाला की पदांच्या तक्त्याकडे वर्षभर फारसे कुणी पाहिले नाही. मग २०२४-२५ ची संचमान्यता हाती आली आणि शून्य दिसले. न्यायालयात याचिका गेल्या, समायोजनाच्या याद्यांवर हरकती आल्या. २०२५ च्या डिसेंबरात शाळा बंद ठेवून झालेल्या आंदोलनात सेवेतल्या शिक्षकांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सक्तीची करण्याला विरोध होता, त्याच्या जोडीला १५ मार्चचा निर्णय मागे घ्या ही मागणीही होती.

शिक्षक गेला की पट टिकत नाही. सहावी-सातवीला शिकवायला माणूस नाही असे कळले की पालक जूनमध्येच दाखला मागतात, एक भावंड गेले की दुसरेही जाते आणि पहिली ते पाचवीचा पटही घसरतो. पुढच्या ३० सप्टेंबरला तो वीसच्या आत आला की तिथला दुसरा शिक्षकही तक्त्याप्रमाणे जातो. शाळा बंद केल्याचा आदेश कुणी काढत नाही, त्यामुळे त्या आदेशावर हरकतही घेता येत नाही. मुख्याध्यापकांच्या हाती उरते ते एवढेच: सप्टेंबरच्या आत आधार दुरुस्त्या उरकणे, स्थलांतरित मुलांच्या नोंदी यू-डायसवर सोडल्या-घेतल्या गेल्या आहेत ना ते तपासणे, आणि अठरा-एकोणीसवर अडकलेला पट विसाच्या वर न्यायला वाडीवस्तीवर फिरणे.