उल्कांच्या रेषांवरून वारा: 90 किलोमीटर उंचीवरची भरती-ओहोटी कशी सापडली

मुंबईत हवा शांत असेल त्या दिवशी बॅरोमीटरवर नजर ठेवा. दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारला उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो, पहाटे चारला पुन्हा उतरतो. समुद्राची भरती मुख्यतः चंद्रामुळे येते. हवेची ही भरती सूर्याच्या उष्णतेने येते. पण ऊन दिवसातून एकदाच तापतं, मग दाब दोनदा का चढावा? वातावरणाचं स्वतःचं आंदोलन बारा तासांच्या जवळपास असावं आणि त्यामुळे ही लाट फुगत असावी, असा तर्क 1882 मध्ये लॉर्ड केल्विन यांनी मांडला. तो बरीच वर्षं टिकला, कारण वर नेमकं काय चाललंय ते बघायची सोयच नव्हती. हवामानाचे फुगे 30-40 किलोमीटरच्या आसपास फुटतात, आणि 90 किलोमीटरवर उपग्रह टिकत नाही.

साधन मिळालं ते अनपेक्षितपणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या रडारवर सुमारे 100 किलोमीटर उंचीवरून क्षणभर टिकणारे प्रतिध्वनी येत. जे. एस. हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचं नातं उल्कांशी जोडलं. डिसेंबर 1945 मध्ये बर्नार्ड लोव्हेल लष्कराचं जुनं रडार घेऊन मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉड्रेल बँक इथल्या जागेत गेले, ते वैश्विक किरण शोधायला. हाती लागल्या उल्का. ऑक्टोबर 1946 मधल्या जियाकोबिनिड उल्कावर्षावात पडद्यावर प्रतिध्वनींची रीघ लागली, आणि शंकेला जागा उरली नाही.

वाळूच्या कणाएवढी उल्का 80 ते 110 किलोमीटरच्या पट्ट्यात जळते आणि मागे विद्युतभारित कणांची रेषा सोडते. ही रेषा सेकंदाच्या काही भागापासून काही सेकंदांपर्यंत टिकते आणि तेवढ्यात वाऱ्याबरोबर वाहत जाते. तिच्यावरून परतलेल्या रेडिओ लहरीत डॉप्लर फरक पडतो, म्हणजे हलत्या रेषेमुळे लहरीची वारंवारता किंचित बदलते, आणि त्यावरून वाऱ्याचा वेग निघतो. एकच रेषा फारसं सांगत नाही, पण दिवसाला अशा हजारो मिळतात; पहाटे सर्वाधिक, संध्याकाळी सर्वांत कमी. 1950 मध्ये स्टॅनफर्डच्या मॅनिंग, व्हिलार्ड आणि पीटरसन यांनी या पद्धतीने मोजलेला वारा प्रसिद्ध केला.

खरी मेख पुढे होती. जॉड्रेल बँकमध्ये ग्रीनहाऊ आणि न्यूफेल्ड या संशोधकांना वाऱ्यात बारा तासांची लाट ठळक दिसली. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला मात्र चोवीस तासांची लाट जोरात होती. उंची तीच, पद्धतही जवळपास तीच, मग उत्तरं वेगळी का? मला या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच विरोध. इंग्लंडातल्या एका ठिकाणावरून पृथ्वीभरचा नियम काढला असता, तर तो चुकलाच असता.

केल्विन यांचा तर्क रॉकेटने मोजलेल्या तापमानांपुढे तग धरू शकला नव्हताच. 1960च्या दशकात कोडं सुटलं. ओझोनचा जाड थर ऊन शोषतो आणि बारा तासांच्या लांबलचक लाटेला चांगलं बळ देतो. चोवीस तासांची लाट उभ्या दिशेत आखूड असते, त्यामुळे त्याच जाड थरात तिचा जोर आपापसात कापला जातो. शिवाय ती साधारण 30 अंश अक्षांशाच्या आतच वर चढू शकते, हे 1966 मध्ये सुसुमू काटो आणि रिचर्ड लिंडझेन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. जॉड्रेल बँक 53 अंशांवर, त्या सीमेपासून बरंच दूर आहे; ॲडलेड 35 अंशांवर, सीमेच्या जवळच.

म्हणूनच भारताच्या अक्षांशांना इथे महत्त्व आहे. तिरुवनंतपुरमजवळ थुंबा इथे 2004 पासून आधुनिक उल्का रडार चाललं. अशा यंत्रात पाच अँटेना मिळून रेषेची दिशा ठरवतात, आणि रेषा विरण्याच्या वेगावरून तापमानाचाही अंदाज येतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार 1999 पासून याच उंचीवरचे वारे मोजू लागलं. ते उल्कांवर नव्हे, तर आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थराच्या, खालच्या भागातून परतणाऱ्या लहरींवर चालतं. पण एक रडार फक्त आपल्या डोक्यावरचंच आकाश बघतं. सूर्यामागून फिरणारी लाट कुठली आणि डोंगर, समुद्र किंवा पावसाच्या ढगांनी उठवलेली कुठली, हे वेगळं काढायला वेगवेगळ्या रेखांशांवरच्या नोंदी एकत्र ठेवाव्या लागतात.